थोड्या एकरांच्या नव्या शेतकऱ्याचें पहिलें वर्ष

दोन-तीन एकर जमीन नव्यानें हातीं आलेल्या मनुष्यानें शेतीचा आरंभ कसा करावा, असा प्रश्न वडवणीच्या बाजूच्या गांवांतून आम्हांस वारंवार विचारला जातो. विचारणारे बहुधा तीन प्रकारचे असतात. कांहींनीं वर्षानुवर्षें ऊसतोडीचा कोयता चालवून, मुकादमाची उचल फेडून, शिलकी पैशांतून जमिनीचा तुकडा घेतलेला असतो. कांहींच्या वांट्यास भावांच्या वांटणींत वडिलार्जित शेताचा हिस्सा आलेला असतो. परंतु त्यांचें आयुष्य पुण्यास किंवा संभाजीनगरास चाकरींत गेल्यामुळें औताची मूठ त्यांनीं कधीं धरलेली नसते. तिसरे सेवानिवृत्त नोकर. त्यांच्या गांठीं चार पैसे असतात, पण अंगांत उन्हाची संवय नसते. तिघांची स्थिति निराळी असली, तरी तिघांपुढील धोका एकच आहे. तो म्हणजे जमीन हातीं येतांच पहिल्याच वर्षीं सारा पैसा तिच्यांत ओतणें.

आमची हयात महसुली दप्तरांत गेली. जमीन घेतल्याचा फेरफार, पाठोपाठ कर्जाचा बोजा, आणि थोड्याच वर्षांनीं तीच जमीन विकल्याचा फेरफार, अशीं प्रकरणें पुष्कळ वेळां आमच्या डोळ्यांखालून गेलीं. त्यांवरून आमचें मत असें बनलें आहे कीं, थोड्या जमिनीचा नवा शेतकरी पिकानें क्वचित् बुडतो. घाईनें मात्र हमखास बुडतो. सबब पहिलें वर्ष जमीन ओळखण्यांत घालवावें, साधें पीक घ्यावें आणि निम्मा पैसा राखून ठेवावा, हें आमचें सांगणें. तें कसें करावें याचा विचार आतां क्रमानें करूं.

थोडी जमीन व बेभरवशाचा पाऊस

जमीन थोडी आहे याची लाज कोणीं बाळगूं नये. डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गांवाची बारीक पाहणी करून ती 1917 सालीं प्रसिद्ध केली. 1771 सालीं तेथील सरासरी खातें 40 एकरांचें होतें. तें 1914-15 च्या सुमारास 7 एकरांवर आलें, असें त्यांस आढळलें. पुढें सबंध महाराष्ट्राचें सरासरी खातें 1970-71 च्या कृषिगणनेंत 4.28 हेक्टर भरलें, आणि 2015-16 च्या गणनेंत तें 1.34 हेक्टर, म्हणजे सुमारें 3 एकर 12 गुंठे, उरलें. तात्पर्य, तीन एकरांचा धनी हा आतां अपवाद नसून तोच सामान्य शेतकरी होय.

अडचण जमिनीच्या मापाची नाहीं, आभाळाची आहे. वडवणी हें 1999 पासून तालुक्याचें ठिकाण असून तें बीड-परळी रस्त्यावर, बालाघाटाच्या पायथ्याशीं आहे. एकीकडे माळाची हलकी, मुरमाड जमीन, तर दुसरीकडे माजलगांवाकडे उतरत जाणारी काळी जमीन. जिल्ह्याचा सरासरी पाऊस 26-27 इंचांच्या आसपास धरतात. परंतु सरासरीइतका पाऊस वेळेवर पडला असें वर्ष विरळाच. 2023 च्या ऑक्टोबर अखेरीस सरकारनें दुष्काळ जाहीर केलेल्या 40 तालुक्यांत बीड जिल्ह्यांतील वडवणी, धारूर व अंबाजोगाई हे तीन तालुके होते. त्यानंतर दोनच वर्षांनीं, 2025 च्या सप्टेंबरांत, अतिवृष्टीनें मराठवाड्यांतील उभीं पिकें पाण्याखालीं गेलीं व कित्येकांच्या शेतांतील मातीच वाहून गेली. एका वर्षीं कोरडा दुष्काळ व दुसऱ्या खेपेस ओला! अशा प्रदेशांत ज्याच्याजवळ एकाच हंगामाचें भांडवल आहे तो जुगार खेळतो. ज्याच्याजवळ दोन हंगामांचें आहे तोच शेती करतो.

पहिली परीक्षा: कागदाची

शेत पाहण्याच्या आधीं सातबारा पहावा, आणि सातबारा पाहून तेथेंच थांबूं नये. सातबारा म्हणजे गांव नमुना 7 व गांव नमुना 12. सातांत जमीन कोणाची, किती व कोणत्या धारणेची तें असतें; बारांत पीकपाणी असतें. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 प्रमाणें ही नोंद खरी धरली जाते. पण ती विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. म्हणजे सातबारा हा मालकीचा शेवटचा निकाल नव्हे. नांवाजवळ फेरफारांचे जे क्रमांक असतात ते एकेक काढून वाचावे. जमीन आजच्या धन्याकडे खरेदीनें आली कीं वारसानें, वांटणीनें आली कीं सरकारी वाटपांत, हा माग उलट्या क्रमानें काढीत जावा. मराठवाड्यांत हा शोध निदान 1954-55 च्या खासरा पत्रकापर्यंत न्यावा. त्यामागचे निजामकाळींचे कागद उर्दूंत किंवा मोडींत आढळतात. ते जाणत्याकडून वाचवून घ्यावे.

पांच गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावें.

एक, धारणेचा वर्ग. भोगवटादार वर्ग 1 असल्यास विक्रीस सामान्यतः अडथळा नसतो. वर्ग 2 असल्यास सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवांचून व्यवहार करूं नये. आपला भाग 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानांत असल्यामुळें येथें इनामी जमिनींचा प्रश्न विशेष आहे. हैदराबाद इनाम निर्मूलन कायदा 1954 चा. तथापि देवस्थानच्या व दर्ग्याच्या सेवेसाठीं दिलेल्या खिदमतमाश जमिनी या व्यक्तीच्या मालकीच्या झालेल्या नाहींत. अशी जमीन कितीही स्वस्त मिळाली तरी तिच्या वाटेस जाऊं नये.

दोन, इतर हक्कांचा रकाना. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचें नांव, विहिरींतील दुसऱ्याचा हिस्सा, पाइपलाइन, कोर्टाचा मनाई हुकूम हीं सर्व येथें सांपडतात. बोजा फेडला असें विकणारा तोंडानें सांगतो. तो कमी झाल्याचा फेरफार डोळ्यांनीं पहावा.

तीन, बहिणींचे हक्क. हिंदु वारसा कायद्यांत 2005 सालीं झालेल्या दुरुस्तीनें वडिलार्जित मिळकतींत मुलीस मुलाच्या बरोबरीचा हक्क आहे. केवळ भावांच्या सह्यांनीं झालेलें खरेदीखत पुढें भांडणाचें मूळ होतें. वारसांपैकीं एकही नांव सुटलें नाहीं ना, याची खात्री करावी.

चार, सामाईक नांवें. एका गटांत चौघांचीं नांवें एकत्र असल्यास आपण विकत घेतलेला एकर नेमका कोणता, हें कागद सांगत नाहीं. संहितेच्या कलम 85 अन्वयें रीतसर वांटप होऊन पोटहिस्सा पडल्यावर मगच पैसा मोजावा.

पांच, तुकड्याचें माप. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा. 2023 च्या ऑगस्टांत झालेल्या अधिसूचनेनें बीडसह बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीस 20 गुंठे व बागायतीस 10 गुंठे ठरलें. याहून लहान तुकड्याचा व्यवहार करण्यापूर्वीं कायद्याची माहिती घ्यावी. तसेंच घेणारा स्वतः शेतकरी असल्याचा दाखला लागतो, हेंही ध्यानांत ठेवावें.

वारसानें जमीन मिळालेल्यानें तीन महिन्यांच्या आंत तलाठ्याकडे (आतां ज्यांस ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वर्दी द्यावी, असें कलम 149 सांगतें. नोंदणीकृत खरेदीखताची माहिती दुय्यम निबंधकाकडून परस्पर जाते. दोन्ही प्रकारांत नोटीस निघून हरकतीस 15 दिवस मिळतात व त्यानंतर नोंद प्रमाणित होते. ‘खरेदी झाली, आतां काम संपलें’ असें समजून घरीं बसूं नये. प्रमाणित फेरफाराची प्रत हातीं येईपर्यंत काम अर्धेंच झालेलें असतें.

दुसरी परीक्षा: हद्दीची व वाटेची

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरांत असतें व गांवचें बोलणें एकर-गुंठ्यांत. 40 गुंठ्यांचा एकर, 100 आरांचा हेक्टर. गुंठा व आर जवळजवळ सारखेच. एक हेक्टर म्हणजे सुमारें 2 एकर 19 गुंठे. हा हिशेब तोंडपाठ असावा, म्हणजे बोलण्यांत कोणी फसवूं शकत नाहीं.

पहिली नांगरट करण्याच्या आधीं सरकारी मोजणी करून घ्यावी व खुणांवर दगड पुरावे. नांगर फिरल्यावर मोजणी मागणें म्हणजे शेजाऱ्यावर संशय घेतल्यासारखें होतें. आरंभींच मागितली तर ती रीत समजली जाते. मोजणीच्या दिवशीं चारही बाजूंच्या शेजाऱ्यांस स्वतः जाऊन बोलवावें व त्यांच्यासमक्ष खुणा घालाव्या. दरसाल वीतभर बांध कोरणाराशीं दहा वर्षांनीं कोर्टांत भांडण्यापेक्षां पहिल्या दिवशींचा चहा स्वस्त पडतो.

वाटेचें तर विचारूंच नये! वडवणीच्या बाजूस एप्रिलांत सगळेंच रान वाट असतें; त्या दिवसांत जमीन पाहणारास गाडी थेट बांधापर्यंत नेतां येते. तीच वाट ऑगस्टांत शेजाऱ्याच्या सोयाबीनखालीं गडप होते व रास घरीं आणण्यास मार्ग उरत नाहीं. म्हणून जमीन घेणारानें ती एकदां पावसाळ्यांत पहावी, गट नकाशावर रस्ता आहे कीं नाहीं तें तपासावें, आणि नसल्यास वाटेचा हक्क खरेदीखतांतच लिहून घ्यावा. बांधावरून नवी वाट मिळविण्यासाठीं संहितेच्या कलम 143 खालीं तहसीलदाराकडे अर्ज करतां येतो. पूर्वापार वहिवाटीची वाट कोणीं अडविल्यास मामलेदार न्यायालय कायदा, 1906 प्रमाणें दाद मागतां येते. परंतु अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत. ‘पाहूं पुढच्या साली’ म्हणणाराचा हा हक्क हातचा जातो.

तिसरी परीक्षा: मातीची

काळी दिसली म्हणजे जमीन चांगली असें नव्हे. उन्हाळ्यांत शेताच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागांत कमरेइतके खड्डे घ्यावे व मुरूम किती खोलीवर लागतो तें मोजावें. हात-सव्वा हातावर मुरूम लागला तर जमीन हलकी. तेथें बाजरी, मूग, उडीद, हुलगा यांसारखीं थोड्या दिवसांचीं पिकें शोभतात. दीड ते दोन हातांपर्यंत माती असल्यास मध्यम. तेथें सोयाबीन व तूर यांची जोडी बसते. त्याहून खोल असल्यास ती रब्बी ज्वारीची व हरभऱ्याची जमीन होय. तीन एकरांच्या एकाच शेतांत हे तिन्ही प्रकार असूं शकतात. म्हणून शेताचा एक कागद करून त्यावर कोठें काय आहे तें लिहून ठेवावें.

माती तपासणीचा नमुना एप्रिल-मे महिन्यांत, खत घालण्याच्या आधीं घ्यावा. शेतांत आठ-दहा ठिकाणीं नागमोडी चालून वीतभर खोल, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा खड्डा करावा व त्याच्या कडेची माती तासून घ्यावी. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची माती घेऊं नये. सर्व माती फडक्यावर एकत्र करून तिचे चार भाग पाडावे, समोरासमोरचे दोन टाकावे. असें अर्धा किलो उरेपर्यंत करून नमुना जिल्ह्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेंत द्यावा. निकालावरून खताचा जो खर्च वांचतो तो परीक्षेच्या खर्चाहून पुष्कळ अधिक असतो.

पाणी: आधीं बांध, मागाहून विहीर

नव्या शेतकऱ्याचा पैसा सर्वांत अधिक कोठें बुडतो, असें कोणी विचारल्यास आम्ही बोअरकडे बोट दाखवूं. आपल्या भागाच्या पोटांत काळा पाषाण आहे. त्यांत पाणी सांपडतें तें बहुतकरून वरच्या कुजलेल्या थरांत व सांधांत; जितकें खोल जावें तितकें पाणी अधिक, हा हिशेब येथें चालत नाहीं. 2009 चा महाराष्ट्र भूजल अधिनियम 60 मीटरांपलीकडील छिद्रास खोल विहीर समजतो व शेतीसाठीं अशा विहिरींस आळा घालतो, यांत मोठें शहाणपण आहे. एक बोअर कोरडी गेली म्हणून पहिल्याच उन्हाळ्यांत दुसरी व तिसरी घेणारे आपणांस ठाऊकच आहेत. भूजल सर्वेक्षणाचा सल्ला व शेजारच्या विहिरींची दोन उन्हाळ्यांतील पातळी पाहिल्यावांचून पाण्याच्या शोधांत दमडीही घालूं नये.

उलट, वरून पडणाऱ्या पाण्याचा हिशेब करून पहा. एक एकर म्हणजे 4,047 चौरस मीटर. त्यावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारें 1 लाख लिटर पाणी आलें. दहा हजार लिटरांच्या टँकरांनीं मोजल्यास दहा टँकर! तीन एकरांस तीस. हें पाणी एका जोरदार सरींत येतें व बांध फुटका असेल तर शेजाऱ्याच्या मातीसकट ओढ्यास जातें. म्हणून पहिल्या वर्षींचा मुख्य खर्च बांधावर करावा. फुटलेले बांध भरावे, जादा पाणी वाहून जाण्यास दगडी सांडवा ठेवावा, नांगरट व पेरणी उताराला आडवी करावी. बांधावर सीताफळ लावावें. बालाघाटाच्या डोंगरांत तें आपोआप येतें, शेळी त्याच्या पाल्यास तोंड लावीत नाहीं, आणि बीडच्या सीताफळास 2016 सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें आहे. मुरमाड भागावर तलावांतील गाळ टाकावा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना 2017 पासून त्यासाठींच आहे.

या क्रमाचें मोठें उदाहरण पुणें जिल्ह्यांत पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें आहे. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनीं तेथील देवस्थानची 16 हेक्टर पडीक जमीन कसण्यास घेतली. ते धंद्यानें इंजिनीअर व कारखानदार, शेतींत नवेच. त्यांनीं आधीं उतारावर बांध घातले, पायथ्याशीं पाझर तलाव केला आणि तलावाच्या खालच्या अंगास विहीर घेतली. पुढें त्यांतूनच पाणी पंचायतीची चळवळ उभी राहिली. तिचा नियम असा कीं, पाणी जमिनीच्या मानानें न देतां माणशीं अर्ध्या एकरापुरतें द्यावें, एका कुटुंबास अडीच एकरांपलीकडे देऊं नये, व त्या पाण्यावर ऊस घेऊं नये. म्हणजे थोड्या जमिनीवर पोट भरूं शकतें. अट एवढीच कीं पाण्याची हांव सोडावी.

पीक व कोयत्याचें पंचांग

पहिल्या वर्षीं शेजारी जें पेरतो तेंच पेरावें. डाळिंब, रेशीम, ड्रॅगन फळ या गोष्टी वाईट नव्हेत. पण त्या तिसऱ्या वर्षाच्या आहेत. परभणी येथें 1972 सालीं स्थापन झालेल्या कृषि विद्यापीठाची शिफारस सोयाबीन व तूर यांच्या आंतरपिकाची आहे. सोयाबीनच्या चार ओळींस तुरीच्या दोन, किंवा दोहोंस एक. एक पीक गेलें तर दुसरें हातीं लागतें, हा त्यांतील लाभ. पेरणीची घाई मात्र करूं नये. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावांचून पेरूं नये, असें विद्यापीठ दरसाल बजावतें. मृगाच्या एका सरीवर पेरून दुबार पेरणीची पाळी आल्यास थोड्या भांडवलाचा मनुष्य तेथेंच अर्धा संपतो. घरचें सोयाबीन बियाणें वापरतांना 100 दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून उगवण पहावी. 70 किंवा अधिक उगवले तर नेहमींप्रमाणें एकरीं 30 किलो बी पुरतें. थोडे कमी उगवले तर त्या प्रमाणांत बी वाढवावें, आणि फारच कमी उगवले तर तें बी खाण्याच्याही उपयोगीं न धरतां विकून टाकावें. जिल्ह्यांत गेवराई तालुक्यांत खामगांव येथें व अंबाजोगाईजवळ दिघोळ आंबा येथें कृषि विज्ञान केंद्रें आहेत. पेरणीपूर्वीं तेथें एक फेरी अवश्य घालावी.

ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न निराळा आहे. त्यांचीं जोडपीं दसरा-दिवाळीच्या सुमारास घर सोडतात व शिमग्यानंतर परततात. म्हणजे त्यांचें शेत बरोबर रब्बीच्या सबंध हंगामांत धन्यावांचून असतें. अशांनीं पीक बाजारभावावरून न निवडतां कोयत्याच्या पंचांगावरून निवडावें. सोयाबीन जून अखेरीस पेरलें तर ऑक्टोबराच्या आरंभीं निघतें. तें त्यांच्या सोयीचें. मूग व उडीद त्याहूनही आधीं निघतात. कापसाची वेंचणी ऑक्टोबरापासून डिसेंबरापर्यंत चालते, म्हणजे हात नेमके दुसऱ्याच्या फडांत असतां. शिवाय 2017 पासून गुलाबी बोंडअळीनें त्या पिकाचा भरवसा उडविला आहे. सबब कोयत्याच्या घरानें कापूस घेऊं नये. तुरीच्या बीडीएन 711 सारख्या लवकर येणाऱ्या वाणासही पांच महिने लागतात; घरीं वडीलधारें माणूस राहणार असेल तरच ती घ्यावी. रब्बी ज्वारी व हरभरा यांसाठीं भावबंदांशीं त्या एका हंगामापुरती बटई करावी, पण ती लिहून करावी, आणि घरखर्चाची ज्वारी व कडबा आधीं ठरवून घ्यावा.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगतों. जमीन घेतली म्हणून पहिल्याच वर्षीं कोयता टाकूं नये. तीन एकर कोरडवाहू शेती पहिल्या वर्षीं घर चालवीत नाहीं. ती घराला हातभार लावते. निदान तीन हंगाम दाणे घरांत आल्यावर, व मुकादमाची उचल न घेतां वर्ष निघतें असें दिसल्यावर, मग कोयता खुंटीला लावावा. जो तो घाईनें टाकतो त्यास पुढच्या वर्षीं दुप्पट उचल घेऊन परत उचलावा लागतो.

औत व जनावरें

तीन एकरांवर बैलजोडीस वर्षभर काम नसतें, खाणें मात्र वर्षभर लागतें. म्हणून जोडी विकत घेण्यापेक्षां भाड्याचें औत किंवा ट्रॅक्टर बरा. ज्याच्याजवळ एक बैल असेल त्यानें दुसऱ्या एक-बैलवाल्याशीं सावड करावी. ही जुनी रीत अजूनही उत्तम आहे. मोठी दुधाळ गाय पहिल्या वर्षीं आणूं नये; चारा विकत घेऊन दूध विकणें हा धंदा पाणी असणाऱ्यांचा. त्याऐवजीं दोन-तीन उस्मानाबादी शेळ्या ठेवाव्या. ही जात याच कोरड्या प्रदेशांतील असून बहुधा जुळीं करडें देते, आणि अडीअडचणीस एक विकून बियाणें घेतां येतें.

पैशाची वांटणी

समजा, जमीन घेऊन जवळ दोन लाख रुपये उरले. त्यांतील रुपयाचे सोळा आणे असे वांटावे: चार आणे मोजणी, बांध, वाट व कागद यांस, चार आणे बियाणें, खत, औत व मजुरी यांस, आणि आठ आणे हात न लावतां बँकेंत. हे आठ आणे म्हणजे दुसऱ्या वर्षींची पेरणी व घरांतील आजारपण. 2023 सारखें वर्ष आलें तर तेच आपणांस सावकाराच्या ओट्यापासून दूर ठेवतात.

पीककर्ज सोसायटीकडून किंवा बँकेकडून घ्यावें व वेळेवर फेडावें. वेळेवर फेडणारास 3 लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जावर व्याज पडूं नये अशी सवलत राज्यानें 2021 सालीं दिली आहे. एक रुपयांतील पीकविमा 2025 पासून बंद झाला. आतां शेतकऱ्यास खरिपास विमा रकमेच्या 2 टक्के, रब्बीस दीड टक्का व नगदी पिकांस 5 टक्क्यांपर्यंत हप्ता भरावा लागतो. तो भरावा. मात्र ई-पीक पाहणींत जें पीक नोंदलें तेंच विम्यांत असावें. दोहोंत फरक पडल्यास भांडण्यास तोंड उरत नाहीं. पंतप्रधान किसान सन्मानाच्या सहा हजारांवर मांडे खाऊं नयेत. 1 फेब्रुवारी 2019 नंतर खरेदीनें खातेदार झालेल्यास तो लाभ नाहीं, वारसानें झालेल्यास मिळूं शकतो. शेतकरी ओळख क्रमांक मात्र प्रत्येकानें काढून घ्यावा. त्यावांचून हल्लीं कृषि खात्याच्या योजनांचें दार उघडत नाहीं.

वर्षाचा क्रम

वरील सर्व गोष्टी महिन्यांच्या क्रमानें लावल्यास नव्या शेतकऱ्याचें पहिलें वर्ष असें दिसतें. चैत्रांत कागद व मोजणी. वैशाखांत खड्डे, मातीचा नमुना, बांध व गाळ. ज्येष्ठांत उगवणीची परीक्षा व पुरेशा पावसाची वाट. आषाढ-श्रावणांत कोळपणी, खुरपणी आणि ई-पीक पाहणी; याच दिवसांत पाणी कोठें सांचतें व कोठें फुटतें तें छत्री घेऊन स्वतः पहावें, कारण शेताचा खरा नकाशा पावसांतच दिसतो. आश्विनांत सुगी. कार्तिकापासून पुढें जाणारानें ऊसतोडीस जावें, राहणारानें रब्बी करावी. फाल्गुनांत वहीचा हिशेब काढून, आलें किती व गेलें किती, हें घरांतील बायकामाणसांसह बसून वाचावें.

ती वही अवश्य ठेवावी. थोड्या जमिनीच्या धन्यास पिकाच्या चुकीपेक्षां हिशेबाची चूक लवकर मारते. पहिल्या वर्षअखेर जमीन तीच राहिली, कर्ज झालें नाहीं, बांध शाबूत राहिले आणि घरांत चार महिन्यांचे दाणे आले, तर तें वर्ष यशस्वी समजावें. अधिक उत्पन्नाचा विचार दुसऱ्या चैत्रांत करण्यास पुष्कळ अवकाश आहे.